दूध-केंद्रांतील गळके सांधे
दूध शीतकरण केंद्रांत वाफेच्या, हवेच्या वा दाबमापकाच्या स्टेनलेस नळीचा सांधा गळूं लागला, कीं पाना घेऊन नट आणखी आवळण्याची चाल पडली आहे. तींत खर्च नाहीं, म्हणूनच ती टिकली असावी. परंतु या सांध्यांत गळती आट्यांनीं थांबत नाहीं. नटाखालचें कडें, ज्यास कारागीर फेरूल म्हणतात, तें नळींत रुतून ती थांबवितें. म्हणून आट्यांवर टेप गुंडाळणें व्यर्थ होय. फाजील आवळल्यानें कडें चेपतें, व स्टेनलेसचे आटे एकमेकांस धरून बसतात.

प्रथम दाब पूर्ण उतरवावा. कडें चिरलें असल्यास नळीचें तेवढें टोक कापावें. रुतलेलें कडें काढून पुन्हां वापरतां येत नाहीं. काप काटकोनांत घेऊन कोर घासावी, त्याच कंपनीचीं नवीं कडीं व नट घालावे, नळी तळाशीं टेकवावी. दोन कड्यांच्या, पाव इंच वा मोठ्या सांध्यास हातानें घट्ट झाल्यावर बहुधा सव्वा फेरा पुरतो. उघडलेला सांधा निर्दोष असेल, तर पूर्वीच्या खुणेच्या किंचित् पुढेंच न्यावा.

प्रत्यक्ष दुधाच्या वाटेवर मात्र हा सांधा आम्हांस मुळींच मान्य नाहीं. त्याच्या फटींत दूध राहून नासतें, आणि टाकींत तर साऱ्या सभासदांचें दूध एकत्र असतें. तेथें उघडून धुतां येणारा क्लॅम्पचा सांधाच बसवावा.