आरेची झाडे आणि मुख्य न्यायमूर्ती

मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती श्री. प्रदीप नंदराजोग यांची येथील कारकीर्द अवघी साडेदहा महिन्यांची. परंतु तिने मागे ठेवलेला एक प्रश्न न्यायसंस्थेविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावा असा आहे. जो निर्णय एकदा अमलात आला म्हणजे फिरविता येत नाही, त्याविरुद्ध दाद मागण्यास अवकाश असावा की नसावा?

नंदराजोग हे २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले व २०१७ मध्ये राजस्थानचे मुख्य न्यायमूर्ती. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने त्यांना त्या न्यायालयात घेण्याचे ठरविले. पुढे महिना लोटतो न लोटतो तोच, एक सदस्य निवृत्त होऊन वृंद बदलताच, जानेवारी २०१९ मध्ये तो विचार बाजूस पडला आणि दुसऱ्या दोन नावांची शिफारस झाली. त्यांतील श्री. संजीव खन्ना हे दिल्लीच्याच न्यायालयातील, सेवेने त्यांच्याहून कनिष्ठ. तेच पुढे २०२४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. अधिक माहिती उपलब्ध झाली, एवढेच कारण जाहीर करण्यात आले. ती माहिती कोणती, हे जनतेस कळले नाही. खन्ना यांच्या योग्यतेविषयी आमचा आक्षेप नाही, पद्धतीविषयी आहे. सामान्य कारकुनाची बढती रोखली तरी त्यास कारण विचारता येते. येथे मात्र दाद मागण्यास दारच नव्हते.

एप्रिल २०१९ मध्ये नंदराजोग मुंबईस आले, आणि सहाच महिन्यांत आरेचे प्रकरण त्यांच्यापुढे उभे राहिले. गोरेगावची ही दुग्धवसाहत १९४९ मध्ये वसविली गेली. तिच्या आश्रयाने वृक्षराजी वाढली आणि आदिवासींचे पाडेही टिकून राहिले. मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील २,१८५ झाडे तोडण्यास महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने परवानगी दिली होती. तिला आव्हान देणारे अर्ज ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने फेटाळले. आरे हे वन आहे काय, हा प्रश्न वरिष्ठ न्यायालयापुढे असल्याने त्यात शिरणे उचित नव्हे, असे खंडपीठास वाटले. निकालाची शाई वाळते न वाळते तोच त्याच रात्री करवती चालू झाल्या. दुसऱ्या दिवशी जमावबंदी जारी झाली. निषेध करणारे पकडले गेले. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या एका पत्रावरून तोड थांबविली. परंतु तोवर २,१४१ झाडे पडली होती. स्थगिती मिळाली, पण ती बहुतांशी बुंध्यांना!

मेट्रो नको असे आम्ही म्हणत नाही. २०२४ मध्ये आरेहून ती धावू लागली आणि सहस्रावधी श्रमिकांची सोय झाली, हे उघड आहे. निकाल चूक होता की बरोबर, हाही आमचा आजचा वाद नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, वरिष्ठ न्यायालयात जाण्याचा हक्क कायद्याने दिला असता, तो बजावण्यापूर्वीच वादाचा विषय नाहीसा होऊ देणे म्हणजे हक्क कागदावर ठेवून हातातून काढून घेणे होय.

ही जबाबदारी मुख्य न्यायमूर्तींच्या सद्बुद्धीवर सोडून भागेल काय? न्यायमूर्ती छागला १९४७ पासून १९५८ पर्यंत या आसनावर होते. एवढ्या अवधीत न्यायालयाच्या प्रथा घडविता येतात. नंदराजोग फेब्रुवारी २०२० मध्ये वयोमर्यादेनुसार निवृत्त झाले. त्यांच्यामागून आलेल्या न्यायमूर्ती भूषण धर्माधिकारी यांना तर दीड महिनाही लाभला नाही. माणसे अशी येती-जाती असतील, तर नियम तरी कायमचा हवा.

म्हणून आमची मागणी द्विविध आहे. न्यायवृंदाने एकदा केलेली निवड बदलली, तर तिची कारणे संबंधित न्यायाधीशास कळवावीत व जनतेपुढे ठेवावीत. आणि ज्या प्रकरणी हानी भरून येण्याजोगी नाही, मग ती झाडाची असो वा गरिबाच्या झोपडीची, तेथे अर्ज फेटाळला तरी अपिलापुरते काही दिवस हात आखडता ठेवण्याचा नियम उच्च न्यायालयाने आपल्या नियमावलीत लिहून ठेवावा. त्याने सरकारचे काम चार दिवस लांबेल. पण पन्नास वर्षे वाढलेल्या झाडाला चार दिवस देणे न्यायास जड जाऊ नये.