मेरीमातेचा मान आणि ख्रिस्ती धर्मातील दोन पंथ

सप्टेंबरच्या ८ तारखेला मेरीमातेचा जन्मोत्सव येतो आणि त्या सुमारास वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीची जत्रा आठवडाभर भरते. पुष्कळदा आपल्या घरी गणपती-गौरींची लगबग असते ती याच दिवसांत. या जत्रेला हिंदू भाविकही मोठ्या संख्येने जातात, मोत माउलीपुढे मेणबत्ती लावतात, नवस बोलतात आणि हीही आपली जगदंबाच, अशा समाधानाने परततात. ही भावना निर्मळ आहे, यात शंका नाही. परंतु जिच्यापुढे आपण हात जोडतो तिच्याविषयी तिच्या घरची माणसे काय मानतात, हे जाणून घेणे हेही भक्तीचेच अंग होय. आणि त्या घरात तर याच प्रश्नावर सुमारे ५०० वर्षे मतभेद चालत आला आहे.

आपल्या महाराष्ट्रातच पाहावे. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये मेरीची मूर्ती फुलांनी सजविलेली दिसते. उलट १८३१ पासून ज्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मिशनने कार्य केले, तिकडील प्रॉटेस्टंट चर्चमध्ये अशी मूर्ती सहसा आढळत नाही. दोघांचा ख्रिस्त एक, मग हा भेद का?

श्रद्धा आणि बुद्धी

याचे मूळ प्रमाणविचारात आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी प्रतिपादिले की ईश्वर आहे एवढे मानवी बुद्धीने सिद्ध करता येते. त्रैक्यासारखी रहस्ये मात्र ईश्वराने प्रकट केल्यावाचून कळत नाहीत. बुद्धी आणि श्रद्धा दोन्ही त्याच्याच देणग्या असल्याने त्यांच्यात खरा विरोध संभवत नाही. व्हॅटिकनच्या १८७० च्या परिषदेनेही हीच भूमिका घोषित केली. १५१७ मध्ये जर्मनीत धर्मसुधारणेचा आरंभ करणाऱ्या मार्टिन ल्यूथर यांचा रोख वेगळा होता. व्यवहारात बुद्धी थोर खरी, पण तारणाच्या विषयात ती आंधळी. तेथे केवळ कृपा, केवळ श्रद्धा आणि अंतिम प्रमाण बायबल, असा त्यांचा सिद्धांत. कॅथलिक मात्र बायबलच्या जोडीला परंपरा आणि धर्मपीठाचा अधिकारही मानतात.

आपल्या शास्त्रांच्या अभ्यासकाला हा वाद परका वाटणार नाही. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर अनुमानाने सिद्ध केला, तर रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात ईश्वर शास्त्रावाचून कळत नाही असे निक्षून सांगितले. दोघेही आस्तिकच होते.

मातेचे स्थान

इ. स. ४३१ च्या इफिससच्या परिषदेने मेरीला 'देवमाता' ही पदवी मान्य केली. ल्यूथर यांनीही ती नाकारली नाही. १५२१ मध्ये त्यांनी मेरीच्या स्तोत्रावर भाष्य लिहिले, तेही आदराने. वाद आहे तो पुढच्या पायरीचा. मेरी गर्भसंभवाच्या पहिल्या क्षणापासूनच आदिपापापासून मुक्त होती, हे पोपनी १८५४ मध्ये आणि ती सदेह स्वर्गी गेली, हे १९५० मध्ये धर्मसिद्धांत म्हणून घोषित केले. याला बायबलात आधार कोठे, असे प्रॉटेस्टंट विचारतात. मेरीची प्रार्थना केल्याने ख्रिस्ताचे एकमेव मध्यस्थपण झाकोळते, अशीही त्यांची भीती आहे. कॅथलिकांचे उत्तर असे की आराधना एकट्या ईश्वराची. संतांना मान आणि मेरीला सर्व संतांहून अधिक मान, परंतु आराधना नव्हे. तिच्याजवळ मागावयाचे ते एवढेच की तिने आमच्यासाठी पुत्राजवळ शब्द टाकावा.

योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नाचे आख्यान आहे. लग्नघरी द्राक्षारस संपला. मेरीने ती उणीव येशूच्या कानी घातली आणि सेवकांना तो सांगेल तसे करावयास बजावले. मग येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. कॅथलिक म्हणतात, पाहा, मातेने रदबदली केली. प्रॉटेस्टंट म्हणतात, पाहा, मातेने स्वतःकडे काही न ठेवता पुत्राकडेच बोट दाखविले. आख्यान एक, निरूपणे दोन!

आपण काय घ्यावे?

आता आपल्या 'जगदंबे'कडे वळू. मेरीला देवी म्हणण्यात आपण तिचा गौरवच करतो असे आपणांस वाटते. पण प्रॉटेस्टंट ज्या गोष्टीची भीती बाळगतात आणि कॅथलिक जी ठामपणे नाकारतात, नेमकी तीच आपण सहज बोलून जातो. दोन्ही पंथांच्या मते मेरी ही ईश्वराने निर्मिलेली मानवी स्त्रीच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकननेही तिला 'सहतारक' म्हणणे उचित नाही, असे स्पष्ट केले.

दोन्ही पंथांत संवादही वाढला आहे. कृपा व तारण यांविषयीच्या मूलभूत सत्यांवरील एकमताच्या घोषणेवर १९९९ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी स्वाक्षऱ्या केल्या. मेरीविषयीचा भेद मात्र राहिलाच आहे.

म्हणून वांद्र्याच्या टेकडीवर अवश्य जावे, मेणबत्तीही लावावी. मात्र आपली जगदंबा आपल्या देव्हाऱ्यात असू द्यावी आणि तेथे त्या घरच्या मातेला त्या घरच्यांच्या रीतीने मान द्यावा. दुसऱ्याच्या श्रद्धेचा खरा आदर तो हाच.