पेठेची तालीम : कोल्हापुरातील एका क्रीडासंस्थेची जडणघडण

कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकाजवळ सरळ, समांतर गल्ल्यांची जी वस्ती आहे ती शाहूपुरी. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही नवी पेठ वसविली. पेठ व्यापाराची, वर्दळ अडत्यांची आणि हमालांची. परंतु महाराष्ट्राच्या कुस्तीक्षेत्रात शाहूपुरीचे नाव घेतले जाते ते गुळापेक्षाही तेथील तालमीमुळे. देशातील पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे या तालमीचे मल्ल. सीमाभागातील एकसंबा या गावचा हा शेतकरी कुटुंबातील तरुण कोल्हापुरात आला, शाहूपुरीच्या मातीत तयार झाला आणि १९५९ मध्ये दिल्लीच्या मैदानात त्याने तो बहुमान मिळविला. पुढील वर्षी, १९६० मध्ये, हा किताब मोतीबाग तालमीच्या गणपतराव आंदळकर यांच्याकडे आला. आंदळकरांचे गाव सांगली जिल्ह्यातील पुनवत. लागोपाठ दोन वर्षे एकाच शहरातील दोन तालमींनी देशाचा सर्वोच्च मल्ल द्यावा, ही घटना केवळ योगायोगाची नव्हे. तिच्यामागे एक संस्था उभी होती, आणि ती संस्था म्हणजे पेठेची तालीम होय.

‘तालीम’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण असा आहे. वस्ताद हा शब्दही ‘उस्ताद’वरूनच आला. म्हणजे तालीम ही केवळ व्यायामाची जागा नसून ती शाळाच आहे, हे तिच्या नावातच सामावलेले आहे. शाहू महाराजांनी हे पुरेपूर ओळखले होते. त्यांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली आणि पंजाबातील नामांकित मल्लांना कोल्हापुरात पाचारण केले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त ते विलायतेस गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले. त्याच धर्तीवर खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले व १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. मध्यभागी आखाडा आणि सभोवार चढत गेलेली गोलाकार बैठक अशी त्याची रचना आहे. सुमारे तीस हजार प्रेक्षक बसले तरी शेवटच्या माणसालाही कुस्ती विनाअडथळा दिसते. मैदानाला लागूनच १९१५ मध्ये नाट्यगृह बांधले गेले. पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाणारे हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले, तेव्हा कलावंतांइतकेच मल्लही हळहळले.

निवासी शाळा

महाराजांनी कोल्हापुरात विविध समाजांसाठी वसतिगृहे काढली, हे सर्वश्रुत आहे. तालीम हेही एका अर्थी वसतिगृहच होते, आणि त्यात मराठा, जैन, मुसलमान अशा सर्व घरांतील मुले एकाच हौद्यात उतरत असत. शाहूपुरी, मोतीबाग, गंगावेस या तालमींत आजही खेड्यापाड्यांतील मुले राहून मेहनत करतात. पहाटे उजाडण्यापूर्वी उठणे, जोर-बैठका, सपाटे, मग हौदा उकरणे आणि त्यानंतर लढत, असा त्यांचा दिनक्रम असतो. हौद्यातील लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ व निर्जंतुक राखली जाते. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकचाक हे डाव पुस्तकातून शिकता येत नाहीत. ते वस्ताद अंगावर घेऊनच शिकवितो. स्वयंपाक बहुधा मुलेच करतात. गावाकडून दुधाचा डबा एस. टी.च्या गाडीने येतो, आणि तो वेळेवर पोहोचला नाही तर त्या दिवशीच्या मेहनतीचे गणित बिघडते. दूध, तूप, बदाम यांचा खर्च मुख्यतः शेतकरी बापालाच सोसावा लागतो. कुस्तीतील यशाची चर्चा करताना या खर्चाकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजाश्रयाचा काळ संपला. तालमी मात्र बंद पडल्या नाहीत. पेठेतील वर्गणी, गावोगावच्या जत्रांतील मैदाने व इनामे आणि कालांतराने सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना दिलेले मानधन यांवर त्या तगल्या. लोकाश्रयाचे सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते संस्थानच्या मदतीने गेले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी संस्थान उरले नव्हते. तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

तालमीचा फुटबॉल

परगावच्या माणसाला कोल्हापुरात एक गोष्ट हमखास चकित करते. राजर्षी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना चालू असतो आणि फलकावर नावे असतात ‘पाटाकडील तालीम मंडळ’ विरुद्ध ‘बालगोपाल तालीम मंडळ’! मैदानात मल्ल एकही नसतो. पेठेची तालीम हीच पेठेची ओळख असल्याने, पेठेत जो नवा खेळ आला तो त्याच नावाखाली आला. मंगळवार पेठेत पाटाकडील, शिवाजी पेठेत खंडोबा तालीम व शिवाजी तरुण मंडळ, शिवाय दिलबहार, प्रॅक्टिस क्लब अशा संघांचे सामने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांत होतात. याच शहरात फुटबॉल खेळत वाढलेला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाकडून खेळला. एकच मंडळ फुटबॉल खेळते, गणेशोत्सव व शिवजयंती साजरी करते, मर्दानी खेळांचे शिक्षण देते आणि २०१९ सारख्या महापुरात नेमके तेच अन्नाची पाकिटे घेऊन पाण्यात उतरते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेठेचा अभिमान कधी कधी प्रेक्षागृहात हुल्लडबाजीचे रूप घेतो. सामन्यानंतर दगडफेक झाल्याचे व पोलीस बंदोबस्त वाढवावा लागल्याचे प्रसंग कोल्हापुराने अनेकदा पाहिले आहेत. ज्या मंडळात वस्तादासारखा वडीलधारा माणूस शब्द टाकू शकतो, तेथे हे लवकर आवरते. जेथे मंडळ म्हणजे केवळ वर्गणीची पावती, तेथे ते आवरत नाही.

वस्तीचा क्रीडासंघ ही कल्पना जगात अन्यत्रही रुजलेली आहे. नॉर्वे या थंड देशात जवळजवळ प्रत्येक वस्तीला असा संघ असतो. हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याची शर्यत, उन्हाळ्यात फुटबॉल आणि सभागृहात हँडबॉल, हे सर्व एकाच संघाच्या नावाने चालते. तेथेही दुफळी होती : कामगारांचा क्रीडामहासंघ १९२४ पासून वेगळा होता, तो दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, मुख्य महासंघात विलीन झाला. मैदान साफ करणे, मुलांना सामन्यास नेणे, खाद्यपदार्थ विकून निधी जमविणे ही कामे पालक बिनमोबदला करतात. या प्रथेला ते ‘दुग्नाद’ म्हणतात; आपल्याकडील इर्जिकीचेच हे भावंड. सरकारनियंत्रित सोडतीच्या नफ्यातील ठरावीक वाटा खेळासाठी दिला जातो, त्यामुळे संघाला मैदानासाठी दारोदार फिरावे लागत नाही. मल्लांच्या खुराकाचा प्रश्न मात्र तेथे कोणासमोर नाही!

आजचे प्रश्न

आपल्या राज्यात व्यायामशाळा विकास व क्रीडांगण विकास यांसाठी शासनाच्या अनुदान योजना असून त्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत राबविल्या जातात. ग्रामपंचायती व नोंदणीकृत संस्था त्यांचा लाभ घेऊ शकतात. पंचायत सदस्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इमारत आणि साहित्य आले म्हणजे तालीम झाली असे नाही. अनुदानातून बांधलेली, पण वर्षभर कुलूपबंद असलेली व्यायामशाळा कोणत्या तालुक्यात नाही? प्रस्ताव करतानाच पहाटे दार कोण उघडणार, मुलांना कोण शिकविणार, दिवाबत्तीचा व मातीचा खर्च कशातून भागणार, याची नोंद ठरावात असावी. शाळेतील शिक्षकाने हे काम अंगावर घेतलेल्या गावी चित्र निराळे दिसते.

कुस्तीचे स्वरूपही बदलले आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धा गादीवर होतात आणि तेथे गुणांना महत्त्व असते; जत्रेच्या मैदानात आजही निकाली कुस्तीच लोकांना हवी असते. आंदळकरांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण व रौप्य अशी दोन पदके मिळविली, यावरून मातीतला मल्ल गादीवर कमी पडतोच असे म्हणता येणार नाही. तथापि, लहान वयापासून दोन्हींचा सराव हवा, आणि गादीसाठी लागणारी प्रशस्त जागा जुन्या पेठांतील तालमींकडे नाही. मुलींना तर मातीच्या हौद्याने दीर्घकाळ दूरच ठेवले. कागल तालुक्यातील मुरगूडच्या कुस्ती संकुलासारख्या ठिकाणी मुली तयार होऊ लागल्या, तेव्हा कुठे हे दार किलकिले झाले.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वप्नील घडला तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. पेठेच्या तालमीत रायफल नसते. निवडक मुलांना प्रबोधिनी घेईल. निवड न झालेली मुले मात्र संध्याकाळी पेठेतच असतात, आणि त्यांच्यासाठी तालमीचे दार उघडे आहे की नाही, हे पेठेतील माणसांनाच पाहावे लागते.