नामनिश्चिती आणि मत्स्यसंवर्धन

डोंगरी नद्यांतील महासीर माशांच्या संवर्धनात नामनिश्चितीचे महत्त्व किती आहे, हे कावेरीच्या उदाहरणावरून ध्यानी येते. साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील महासीरास शास्त्रीय नाव देताना 'खुदरी' हा स्थानिक शब्दच स्वीकारला. १९७० च्या दशकात लोणावळ्यास या जातीचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. पक्व मादीच्या उदरावर हलका दाब देऊन अंडी काढावयाची, नराच्या शुक्रद्रव्याने ती फलित करावयाची व वाहत्या पाण्यात उबवावयाची, अशी ही रीत होय. तेथील पिले पुढे कावेरीतही सोडण्यात आली.

परंतु कावेरीचा मूळचा महासीर निराळा होता. त्याची पाठ उंच व पर केशरी. 'टॉर रेमादेवीआय' ही त्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पटली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तांबड्या सूचीत तो 'अत्यंत संकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. तोवर दोन्ही जाती 'महासीर' या एकाच सामान्य नामाखाली मोडत असल्याने, परकी जात वाढली तरी महासीर वाढला असेच दिसत राहिले. तात्पर्य, कोणत्या नदीची जात कोणती, हे ठरविणे अंडी उबविण्याच्या आधीचे कार्य होय.