गंमत पाठवताय? कृतीसकट पाठवा

फेब्रुवारी लागला की परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. दर्ग्यात माथा टेकून माणसं रहाटपाळण्यांकडे, मौत का कुआकडे आणि मग खेळण्यांच्या दुकानांकडे वळतात. मोबाइल नव्हते तेव्हा जगातल्या अफलातून वस्तू मराठवाड्यात पोचायच्या त्या अशाच उरुसांतून, जत्रांतून. पिपाणी, टिकटिकी, दोरीवर सरसर चढणारं माकड, आणि पत्र्याची ती छोटी होडी. होडीच्या नळ्यांत पाणी भरायचं, परातीत सोडायची, पोटात मेणाचा दिवा पेटवून ठेवायचा. क्षणभर काहीच होत नाही. मग फट-फट-फट करत ती परातीत गोल फिरायला लागते. चावी नाही, सेल नाही, दोरी नाही.

ही होडी भारतातली नव्हे. थॉमस पिओ नावाच्या माणसाने 1891 मध्ये ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं. तिथून ती जगभर गेली आणि जपानमध्ये तर इतकी रुळली की हायाओ मियाझाकींच्या 2008 सालच्या ‘पोन्यो’ या चित्रपटात लहान मुलं अशाच होडीत बसून समुद्रात जातात. तिच्या पोटातलं यंत्र म्हणजे पत्र्याची एक चपटी डबी आणि तिच्यातून मागे पाण्यात उतरणाऱ्या एक-दोन नळ्या. दिव्याने डबीतल्या पाण्याची वाफ होते, वाफ नळीतलं पाणी मागे ढकलते आणि होडी पुढे सरकते. नळीच्या गार टोकाशी वाफेचं पुन्हा पाणी होतं, आतली जागा रिकामी पडते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. इथे हुशार वाचकाच्या मनात शंका यावी. पाणी बाहेर जाताना होडी पुढे गेली, तर पाणी आत येताना ती तेवढीच मागे का येत नाही? कारण बाहेर पडणारं पाणी एका धारेत, एकाच दिशेने जातं आणि आत येणारं पाणी नळीच्या तोंडापाशी चहूबाजूंनी गोळा होतं. फुंकर मारून मेणबत्ती विझते, पण श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. होडीचं रहस्य तेवढंच आहे.

आता ही होडी, आणि तिच्यासारख्या हजार वस्तू, खिशातल्या मोबाइलमध्ये आल्या आहेत. सकाळी शुभेच्छांची फुलं येऊन गेली की ग्रुपवर असलं काहीतरी पडतंच: लसूण सोलायचं यंत्र, हवेत तरंगणारा दिवा, बाटलीपासून केलेला कूलर, स्वतःचं बटण स्वतःच बंद करणारी पेटी. (ही पेटी थट्टेची वाटते, पण तिची कल्पना मार्व्हिन मिन्स्की या पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेत नावाजलेल्या शास्त्रज्ञाची. 1952 च्या सुमारास, बेल प्रयोगशाळेत काम करताना सुचलेली.) आपण बघतो, हसतो, अंगठा दाबतो, पुढे ढकलतो. दुपारपर्यंत ते विसरलेलं असतं. गंमत वाटून घेण्याला माझी हरकत नाही, उलट माणसाच्या बऱ्या सवयींपैकी ती एक आहे. हरकत आहे ती अर्धीच गंमत पाठवण्याला. वस्तू दिसते, पण ती कशी करायची ते दिसत नाही.

पूर्ण गंमत पाठवणाऱ्या माणसाचं उदाहरण आपल्याकडेच, पुण्यात आहे. अरविंद गुप्ता मूळचे बरेलीचे. कानपूरच्या आयआयटीतून 1975 मध्ये ते इंजिनिअर झाले आणि पुण्याला टेल्कोत नोकरीला लागले. 1978 मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा नाही, पैसे नाहीत, तर मुलांनी हाताने काय करावं? त्यांनी आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तू चाळल्या आणि दोन वस्तूंची जोडी जमवली: आगपेटीची काडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक काळी रबरी नळी.

नळीचा बोटाच्या पेराएवढाही नसलेला तुकडा घ्यायचा, दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसायची. झाला बिजागरीसारखा वळणारा सांधा. काड्यांचं गुल मात्र आधी खरवडून टाकायचं. नळीला मधोमध सुईने किंवा बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा सांधा होतो. आता चार काड्यांचा चौकोन करा आणि बोटाने ढकला: तो कलंडतो, शंकरपाळ्यासारखा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा: तो हलत नाही. चौकोनाला एक कर्ण द्या, तोही ताठ होतो. एवढं हाताला समजलं की मोंढ्यातल्या शेडखाली उभं राहून वर बघा. पत्र्याखालची लोखंडी कैची सगळी त्रिकोणांची का असते, हे कुणी सांगायची गरज उरत नाही.

2003 मध्ये जयंत नारळीकरांच्या बोलावण्यावरून गुप्ता पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत आले. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ‘पुलस्त्य’ ही इमारत पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली. सप्तर्षींपैकी एकाचं नाव आणि त्यात पु. ल. लपलेले. आयुकात अकरा वर्षं गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली, त्यांचे फोटो काढले, छोटे व्हिडिओ केले आणि सगळं आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवलं. मराठीसकट कितीतरी भाषांत. हजारो पुस्तकंही तिथे मोफत उतरवून घेता येतात. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामातलं मोठं वाटतं ते खेळण्यांहून वेगळं आहे. त्यांच्या व्हिडिओत हात दिसतात, कापलेल्या पट्टीची लांबी दिसते, फसायची जागा दिसते. बघणाऱ्याने उठून करावं, एवढ्यासाठीच तो केलेला असतो.

त्यांच्या खेळण्यांतलं एक तर परभणीसाठीच जन्मलं असावं. एक सेल, सेलला चिकटवलेलं गोल चुंबक, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबराने दोन्ही टोकांना बांधलेल्या दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या तारेचं दहा वेढ्यांचं वेटोळं. वेटोळ्याची दोन टोकं पिनांच्या डोळ्यांत अडकवली की ते गरगर फिरायला लागतं. झाली विजेची मोटार. सामान कुठून आणायचं? चुंबक बिघडलेल्या स्पीकरमधून निघतं. तारेचं तर विचारूच नका. आपल्याकडे कमी दाबाने विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि त्या भरून देणारी दुकानं रस्त्यारस्त्याला आहेत. तिथे तारेचे तुकडे पायाखाली पडलेले असतात.

यात फसायची जागा एकच आणि सगळी गंमतही तिथेच. या तारेवर लाखेसारखा लेप असतो. एक टोक सगळ्या बाजूंनी खरवडायचं, पण दुसरं टोक अर्ध्याच बाजूने. पुष्कळ मुलं उत्साहात दोन्ही टोकं स्वच्छ करतात आणि मोटार जागच्या जागी थरथरत राहते. कारण चुंबक वेटोळ्याला अर्ध्या फेरीत पुढे ढकलतं, तर उरलेल्या अर्ध्यात मागे. लेप अर्धा ठेवला की उलट ढकलायच्या वेळी वीजच तुटते आणि वेटोळं आलेल्या वेगावर पुढे निघून जातं. विहिरीवरची मोठी मोटार दुसऱ्या जातीची, उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर चालणारी. पण वीज आणि चुंबक मिळून एखादी गोष्ट फिरवतात कशी, हे या खेळण्यात उघड्या डोळ्यांनी दिसतं.

कृती न दाखवणाऱ्या व्हिडिओंत मात्र फसवणूक सहज दडते. पंख्याच्या पात्याला चुंबक लावलं की तो विजेशिवाय अखंड फिरतो, असं दाखवणारे व्हिडिओ थांबता थांबत नाहीत. सेल टेबलाखाली असतो, किंवा कॅमेऱ्याबाहेरून कोणीतरी फुंकत असतो. चुंबकातून फुकट वीज निघत नाही.

दुसरी वस्तू त्याहून महाग पडते. प्लगमध्ये खोचायची, हिरवा दिवा लागणारी डबी: लावा आणि वीजबिल निम्मं करा. असली डबी उघडली तर आत बहुधा एक कपॅसिटर आणि तो हिरवा दिवा निघतो. कपॅसिटर ही चीज खोटी नाही. शेतीपंपाला तो बसवा असं सांगतात ते खरंच आहे. मोटार कामाला लागणाऱ्या विजेखेरीज आणखी थोडा प्रवाह नुसता ये-जा करायला घेत असते. कपॅसिटर तो तिथल्या तिथे पुरवतो, मग तारांवरचा भार हलका होतो, दाब सुधारतो, रोहित्राचा ताण कमी होतो. पण घरचं बिल युनिटवर येतं आणि युनिट मोजतात ते प्रत्यक्ष खर्च झालेल्या विजेचे. ये-जा करणारा प्रवाह त्यात धरलेलाच नसतो. तो कमी करून बिल कसं उतरणार? बिल उतरवायचं तर जुना पंखा बदला.

याच्या अगदी उलट गोष्ट सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची. त्यांनी मुलासाठी भंगारातल्या सुट्या भागांतून चारचाकी बनवली, खर्च साधारण 60 हजार. स्टीअरिंग डावीकडे, आणि गाडी सुरू करायची ती मोटारसायकलसारखी किक मारून. डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ उद्योगपती आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. गाडी नियमांत बसत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण कल्पकतेला दाद देत बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये अदलाबदल झालीसुद्धा. त्या व्हिडिओत गाडी आतून-बाहेरून दिसते, किक मारलेली दिसते, चालताना दिसते. लपवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तो गाजला.

गंमत हातोहात पसरते, हे खेळांचंही खरं. टेट्रिस 1984 मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी लिहिला आणि इंटरनेट सामान्य माणसाला माहीत नव्हतं तेव्हा तो एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर उतरत पसरला. पुढे हातातल्या ‘ब्रिक गेम’च्या रूपाने तो आपल्या जत्रांतही आला.   

आता परभणीच्या स्वतःच्या खेळण्याकडे येतो. हा ज्वारीचा मुलूख. इथल्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे 1972 मध्ये स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईकांचं नाव असलेल्या विद्यापीठाने, ज्वारीची ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’, ‘परभणी शक्ती’ अशी वाणं दिली. आणि इथल्या पोरांनी ज्वारीच्या वाळल्या धाटापासून बैलगाडी काढली. धाटाची वरची टणक साल सोलायची, आतलं पांढरं भेंड वेगळं करायचं. भेंडाचे तुकडे म्हणजे लाकूड, सालीचे तुकडे म्हणजे खिळे. साल भेंडात टोचली की घट्ट बसते, ना डिंक लागतो ना दोरा. चाकं, साटा, जू, बैलांची शिंगं, सगळं यातून उभं राहतं. गाडी झाल्यावर उरलेल्या सालीचा चष्मा होतो. होशंगाबादच्या बाजारात काडी आणि नळीतून जे साधलं, ते इथे एकाच धाटात पिढ्यान् पिढ्या होतं. फक्त कुणी त्याचा व्हिडिओ करून सगळ्यांसाठी ठेवला नाही.

आणि आता घाई करायला हवी. खरिपात सोयाबीनने जागा घेतली, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, कडब्याची गंज दारात दिसणं कमी झालं. ही गाडी हाताने करू शकणारी माणसं आजोबा झाली आहेत. त्यांच्या नातवंडांच्या हातात कॅमेरा आहे. दोघं एकाच घरात राहतात.

तेव्हा येत्या रब्बीची ज्वारी निघाली की एवढं करा. पाच-सहा वाळकी धाटं बाजूला काढा. आजोबांना सावलीत बसवा, मोबाइल त्यांच्या हातांवर धरा, तोंडावर नको. साल कुठून सोलायला घ्यायची, केवढा तुकडा मोडायचा, चाकाला आरे कसे टोचायचे, हे त्यांना त्यांच्याच बोलीत सांगू द्या, मागे गाणं लावू नका. चुकलेलं चाक कापून टाकू नका, ते का चुकलं तेही दाखवा. साल ब्लेडसारखी कापते, हे लहान मुलांसाठी सुरुवातीलाच सांगा. आणि मग तो व्हिडिओ ग्रुपवर टाका.