घास अडकतो तेव्हा लपवू नका

गेल्या रमजानमध्ये आमच्या मुंब्र्यातील इमारतीत राहणाऱ्या एक खाला इफ्तारला फक्त सरबत घेत. खजूर ताटलीत तसाच राही. भाकरी चहात भिजवून खात. विचारले की म्हणत, "वय झालं बेटा, घसा कोरडा पडतो." पेजही उतरेना, तेव्हा मुलाने त्यांना रुग्णालयात नेले. दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला. निदान झाले: अन्ननलिकेचा कर्करोग.

डॉक्टरांनी 'जनुकांतील बदल' असे शब्द वापरले आणि घरात वेगळीच भीती शिरली. लेकीचे लग्न ठरायचे होते. "आजार खानदानी आहे असं लोक म्हणतील. कुणाला सांगू नका," असे ठरले. मुलगा माझ्याकडे आला तो हाच प्रश्न घेऊन. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण वाचून, विचारून जे समजले ते इथे मांडते.

आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे 20,000 जनुके असतात. शाळेच्या कपाटात सगळ्या विषयांची पुस्तके असतात, पण तासाला लागते तेवढेच पुस्तक उघडतो. पेशीही तसेच करते. कोणते जनुक किती 'उघडे' आहे, यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. कर्करोगात हे वेळापत्रक बिघडते. पेशी वाढवणारी जनुके सतत उघडी राहतात, थांबवणारी बंद पडतात. टीपी53 नावाचे जनुक बिघडलेल्या पेशीला रोखते. भारतात जास्त आढळणाऱ्या स्क्वॅमस प्रकारच्या गाठींपैकी बहुतेकांत नेमके हेच बिघडलेले सापडते. पुढे पेशींना एकमेकींना धरून ठेवणारी जनुके मंदावली की पेशी सुटून आजूबाजूला पसरतात. अन्ननलिकेला पोट-आतड्यांसारखे बाहेरचे आवरण नसते, म्हणून हा प्रसार लवकर होतो.

आता महत्त्वाची गोष्ट. हे बदल बहुतेक वेळा जन्मतः आलेले नसतात. आयुष्यभरात त्या जागेच्या पेशींत ते साठत जातात आणि त्या गाठीपुरतेच असतात. आईच्या गाठीत बिघडलेले जनुक लेकीच्या रक्तात आहे, असा त्याचा अर्थ नाही. हा आजार स्पर्शानेही होत नाही. क्वचित एकाच घरात अनेकांना कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

मग बदल घडवते कोण? तंबाखू, मिश्री, सुपारी, दारू. खाला जेवणानंतर रोज मिश्री लावत. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मिश्रीचा डबा आपल्याच स्वयंपाकघरात असतो आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. 65 अंशांपेक्षा गरम पेयांनी धोका संभवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये सांगितले. तेव्हा उकळता चहा निवू द्यावा.

बहिणींनो, घास अडकणे, आधी घन आणि मग पातळ पदार्थही न उतरणे, कारण नसताना वजन घटणे ही लक्षणे आहेत. दोन आठवडे असे होत असेल तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. नळी बरीच अरुंद झाल्यावरच घास अडकू लागतो, म्हणून वाट पाहायला वेळ नसतो. परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून आहे, खारघरलाही त्यांचे केंद्र आहे. कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याला उतरून पनवेलची लोकल पकडली की खारघर येते. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची रुग्णालयातच चौकशी करा.

खालांची किरणोपचाराची फेरी झाली आहे. लेकीनेच स्थळाकडच्यांना सगळे सांगितले. ते काय ठरवतील ते ठरवतील. पण आता ती उघडपणे आईसोबत लोकलने रुग्णालयात जाते. आणि जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक बाईला खाला विचारतात, "घास नीट उतरतो ना गं?"