उलट्या हातांचा फटका

उजव्या हाताचा गोल्फपटू डावा हात वर आणि उजवा खाली ठेवतो. दक्षिण आफ्रिकेतील दरबानचा भारतीय वंशाचा कॅडी पापवा सेवगोलम नेमका उलटा धरी. त्याच पकडीने त्याने १९५९ साली डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये नाताळ प्रांताची खुली स्पर्धाही जिंकली. पण वर्णभेदामुळे क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता, चषक बाहेर पावसात घ्यावा लागला. ही रीत आपल्या वाचकांना नवी नाही.

नवशिक्यांनी पापवासारखे धरावे असे आम्ही म्हणत नाही. पकड नेहमीचीच असू द्या, पण दांडा तळव्यात न दाबता बोटांत धरा. आयर्नने मारताना, काठी चेंडूला लागते त्या क्षणी हात चेंडूच्या किंचित पुढे हवेत. मागे राहिले की काठी आधी मातीत घुसते. मग खेळाडू मूठ आणखी आवळतो, आणि कोपराची आतली बाजू ठणकू लागते. यालाच गोल्फर्स एल्बो म्हणतात. काठी कधी हाती न धरलेल्या, दिवसभर हातोडा चालवणाऱ्या माणसालाही हे दुखणे होते. तेव्हा ठणका लागला की अंगावर काढू नका. हाताला विश्रांती द्या, आणि तरीही थांबला नाही तर डॉक्टरांना कोपर दाखवा.